औषध घेत नाही म्हणे!

काल दुपारपासून डोक्यात तीच ओळ फिरतेय. दम लागणाऱ्या आजीच्या केसपेपरवर निळ्या पेनानं लिहिलेली: "रुग्ण औषध नियमित घेत नाही." खाली सही.

घेत नाही? अहो, दोन्ही वेळा घेते. न चुकता घेते. सकाळी भाकरी खाल्ल्यावर एक, रात्री एक, आणि पाण्याबरोबर गिळते. ओढायची कॅप्सूल गिळते! महिनाभर गिळली. कारण महिन्यापूर्वी त्याच दवाखान्याच्या खिडकीतून तिच्या हातात कॅप्सूलची डबी ठेवली आणि ती ज्या यंत्रात घालून ओढायची, ते यंत्र "संपलंय, बाहेरून घ्या" म्हणून सांगितलं. तेही मराठीत. आजीला पावरी कळते, पावरा आदिवासींची बोली. 'कॅप्सूल' एवढाच शब्द तिला ओळखीचा, आणि कॅप्सूल गिळतात हे तिला आयुष्यभर आपणच शिकवलंय. फुप्फुसात जायची पावडर महिनाभर पोटात गेली आणि दम होता तिथेच राहिला.

हे मी सांगितलं तर टेबलापलीकडून उत्तर आलं, "या लोकांना कितीदा सांगायचं, समजतच नाही." "या लोकांना" हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. मी आवाज चढवला. रांगेतले सगळे बघायला लागले. आजी माझा हात ओढत होती, चल म्हणून. आवाज चढवल्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की ती डबी गेल्या महिन्यात मीच तिच्या पिशवीत टाकली होती आणि उघडून बघितली नव्हती. ती चूक माझी, ती कुणाच्या माथी मारणार नाही.

पण कितीदा सांगितलं म्हणे? एकदा तरी सांगितलं का? एकदा तरी तिच्या हातात यंत्र देऊन "ओढून दाखव" म्हटलं का? त्यात शेवटची मेख अशी की यंत्र असतं तरी उपयोग शंकेचाच होता. ती पावडर जोरात ओढावी लागते, आणि आजीला तर चूल फुंकायला श्वास पुरत नाही. अशा माणसाला पंप आणि स्पेसर द्यायचा असतो, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, तिच्यातून औषध सावकाश ओढता येतं. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून भागवता येतं. बाटलीच्या स्पेसरनं काम होतं हे तपासून पाहिलेलं आहे, माझ्या मनाचं नाही. पाच मिनिटांचं काम. ती पाच मिनिटं आजीच्या वाट्याला कधी आली नाहीत. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरून पहाटे चारला निघायचं, दीड तास उतरण पायी, दर वीस पावलांना तिला बसवायचं, मग काळीपिवळी, मग एसटी, आणि टेबलासमोर दोन मिनिटं.

त्या दोन मिनिटांत प्रश्न काय? "बिडी ओढते का?" नाही. "तंबाखू?" नाही. संपलं. चुलीचं कुणी विचारलं नाही. बिनखिडकीच्या घरात चाळीस वर्षं ओल्या लाकडाचा धूर खाल्लेल्या बाईला बिडीचं विचारतात! पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी ब्रिटिश तज्ज्ञ पीटर बार्न्स यांच्यासोबत 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद होऊन दम लागणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजारावर, लिहिलंय. त्यालाही आता किती वर्षं झाली. भिंतीवरच्या पोस्टरवर अजून सिगारेटवाला पुरुषच.

आणि चूल कागदावर नाही असंही नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा तो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका टिपायचा सरकारी तक्ता, भरतात. त्यात स्वयंपाकाला काय जाळता हा प्रश्न आहे, दम लागतो का हाही आहे. आजीचा फॉर्म भरलाय. तो कुठल्या फायलीत गेला? तो वाचून कुणी तिला स्पायरोमेट्रीला का नाही बोलावलं? फुंकर मारायची ती साधी तपासणी, तिच्याशिवाय सीओपीडी पक्का म्हणता येत नाही, आणि ते मशीन आमच्या जवळपास कुठेही नाही. मग एक्स-रे बघून अंदाज. आजीनं त्या अंदाजापायी आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्यात. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी. त्यानंतर दर हिवाळ्यात धाप वाढली की श्वास मोकळा करणारं डेरिफायलिनचं इंजेक्शन आणि एक सलाईन. दोन दिवस बरं, परत तेच.

2016 च्या अंदाजात देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. हृदयरोगाखालोखाल माणसं मारणारा आजार आहे हा. तरी आदिवासी भागात आरोग्य म्हटलं की कुपोषण आणि सिकलसेल, बास. ती कामं व्हायलाच हवीत, प्रश्नच नाही. पण पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका खोकत खोकत मरतात, त्याला घरचे "वय झालं" म्हणतात आणि दवाखानाही तेच म्हणतो.

औषध एरवी पंधरा दिवसांचंच देतात, हा आणखी एक संताप. पंधरा दिवसांनी परत तीच उतरण, परत एक मजुरी बुडाली. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला जातो, सहा महिने. त्यांनी पंप कुठून आणायचा? तीन महिन्यांचा साठा एकदम द्या. उपकेंद्रात पंप ठेवा, श्वासनलिका मोकळ्या करणारा सालब्युटामॉलचा पंप अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, चैनीची वस्तू नाही. आशाताईंना स्पेसर द्या आणि पावरीत शिकवू द्या, त्या माझ्यापेक्षा नीट शिकवतील.

काल रात्री येताना पंप विकत घेतला आणि बाटलीला भोक पाडलं. आजीला धरून शिकवलं: दाबायचं, सावकाश ओढायचं, दहा मोजेपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा खोकली. तिसऱ्यांदा जमलं. तिच्या नातीनं बघून घेतलंय, आता तीच रोज देणार आहे.

मी बुधवारी तो केसपेपर घेऊन परत जाणार आहे. ती ओळ खोडून घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलणार नाही.