अण्णांच्या वह्या आणि शाळेतलं जनरल रजिस्टर

1 जून आला की फेसबुकवर वाढदिवसांची रांग लागते. गावाकडच्या, विशेषतः पन्नाशी-साठीच्या माणसांची. मूल शाळेत घालायला आईबाप यायचे, जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा, मग गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज घ्यायचे आणि तारीख टाकायचे. शाळा जूनला सुरू होते, म्हणून 1 जून.

माझे वडील, अण्णा, 1969 ते 2006 सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षक होते. पहिली दोन वर्षं त्यांनीही अशाच तारखा टाकल्या. मग त्यांना ते खुपायला लागलं. ते म्हणायचे, माणसाची आयुष्यातली पहिली लेखी नोंद आपल्या हातून होते, ती तरी खरी असावी. तेव्हापासून नाव घालायला आलेल्या आईला ते खाली सतरंजीवर बसवायचे आणि विचारत राहायचे. यात्रेच्या आधी झाला का नंतर? बाजरी काढून झाली होती का? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा रांगत होता का अंगावर पीत होता? भूकंपाची तारीख पक्की, 11 डिसेंबर 1967, त्यामुळे तिथून मागंपुढं मोजता यायचं. एखादी म्हणायची, ‘गुरुजी, आवस होती, अंधार होता बघा, सुईणीला कंदील घेऊन आणली.’ की अण्णा जुनं पंचांग काढून बसायचे. बायका आधी लाजायच्या, मग सासू, जाऊ, शेजारीण सगळ्या आठवायला लागायच्या. लागलेली तारीख जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत जायची आणि ती कशावरून काढली ते अण्णांच्या स्वतःच्या वहीत.

इतिहासाची आवड असलेला माणूस म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी हेच सांगेन. गडकोट, सनावळ्या त्यांना तोंडपाठ होत्याच. पण इतिहास त्यांच्यासाठी समोर बसलेल्या बाईच्या आठवणीपासून सुरू व्हायचा.

1972 च्या दुष्काळातलं जनरल रजिस्टरचं एक पान त्यांनी मला दाखवलं होतं. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात एकाखाली एक तेच शब्द. सतत गैरहजर. सतत गैरहजर. सतत गैरहजर. आईबाप खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर, पोरं त्यांच्या मागं. अण्णा रविवारी सायकल घेऊन कामांवर जायचे, पोरं हुडकायचे, तिथंच मुरमाच्या ढिगावर पाढे म्हणून घ्यायचे. त्या पानावरची काही नावं पुन्हा दाखल झाली, बरीच झाली नाहीत. न झालेल्यांबद्दल ते बोलायचे नाहीत, फक्त त्या नावांवरून बोट फिरवायचे.

एका गावात ओढ्यावर बायका ज्या दगडावर धुणं आपटायच्या, तो वीरगळ निघाला, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. अण्णांनी कुणाला दोष दिला नाही. बायकांना धुण्यासाठी दुसरा चांगला सपाट दगड आणून दिला, मग गावातल्या पोरांना घेऊन वीरगळ शाळेच्या आवारात उभा केला. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली लढाई, आणि आडव्या पडलेल्या वीराशेजारी गाई, म्हणजे हा गुरं राखताना मेला. त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. चौथीतली पोरं दगडावर बोट ठेवून हे सांगायची. गुरं राखणाऱ्यांचीच पोरं होती ती. गुरं राखताना मेलेल्या माणसाचाही दगड उभा राहतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

नातेवाइकांत एक वाक्य नेहमीचं होतं, ‘गुरुजींना गाव दिसतं, घर दिसत नाही.’ मला ते कधीच पटलं नाही. दोन चुलत्यांचं शिक्षण त्याच पगारात झालं. आजीची नजर गेल्यावर रोज संध्याकाळी तिच्या पायाला तेल लावणारे अण्णाच होते, आणि तेल लावता लावता तिच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेणारेही तेच. एक वही नुसती तिच्या ओव्यांची आहे. हां, आईच्या वाट्याला कष्ट आले. दर बदलीला ट्रंका भरायच्या, त्यातली एक कायम कागदांची. ‘अहो, भांडी कशात घालू?’ असं ती विचारायची आणि भांडी पोत्यात जायची. या वह्या टिकल्या त्यात आईचा वाटा अण्णांइतकाच आहे, हे मला जाहीरपणे लिहायचं आहे.

आता मनातला राग. अण्णांनी जिथं नोकरी केली त्यातल्या एका शाळेत खोल्यांचं काम निघालं आणि जुनी रजिस्टरं रद्दीत गेली. आम्हाला कळेपर्यंत टेम्पो गेला होता. पुढं 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा हीच जनरल रजिस्टरं आणि गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं लोक रात्र रात्र चाळत होते आणि मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी वाचणाऱ्या माणसाचा पत्ता विचारत फिरत होते. अण्णा मोडी शिकले होते एका म्हाताऱ्या तलाठ्याकडून, निव्वळ हौसेनं. आरक्षणावर कुणाचं मत काहीही असो, पण खापरपणजोबाचं नाव सापडल्यावर रडणारी माणसं मी पाहिली आहेत. मूळ कागदच नसेल तर ती कुठं जाणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेतलं जुनं रजिस्टर हा गावाचा दस्तऐवज आहे, आणि तो सांभाळणं कुणा एकाच्या हौसेवर सोडता येणार नाही. प्रत्येक जुन्या शाळेतलं रजिस्टर स्कॅन झालं पाहिजे. ज्या शिक्षकाला गावाचा इतिहास लिहायचा आहे, त्याच्या डोक्यावरची माहिती भरायची कामं कमी करून त्याला तेवढा वेळ दिला पाहिजे. डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) करून शिक्षक होणाऱ्या मुलांना मोडीची निदान तोंडओळख हवी.

अण्णांच्या अकरा वह्या आहेत. मी रोज दहा पानांचे फोटो काढतोय, आई शेजारी बसून नावं सांगते. अण्णांचं अक्षर कुठं अडलं तर तिला लगेच लागतं. काल जन्मतारखांच्या वहीत माझंही नाव सापडलं, इतर पोरांच्या मधेच. तारखेपुढं लिहिलंय, ‘मी स्वतः हजर.’