टँकमध्ये शांतता नांदत असल्यास करावयाचे उपाय

घरात फिशटँक आहे, त्यात एंजल मासे आहेत आणि तरीही कुणी कुणाचे पंख फाडत नाही, अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. आपल्याकडे बहुतेक लोक टँक घेतानाच पुरेशी काळजी घेतात. ज्यांच्याकडून ते राहून गेलं असेल, त्यांच्यासाठी हे थोडं मार्गदर्शन.

टँक घेताना माशाचं माप बघू नका. टीव्हीच्या शेजारी जी जागा उरली असेल तिचं माप घ्या. ती ईशान्येला निघाली तर दुधात साखर. वास्तूवाल्याने दिशा सांगितली म्हणजे लिटर सांगायची जबाबदारी कुणावरच राहत नाही. एक फुटी टँक उत्तम. त्यात जेमतेम 15 लिटर पाणी मावतं, आणि दुकानातलं पिल्लू रुपयाच्या नाण्याएवढं असल्यामुळे त्याला ते ऐसपैस वाटतं. पुढे त्याचं अंग 15 सेंटीमीटरपर्यंत वाढतं, वरखालचे पंख धरून उंची 20च्या घरात जाते, हे दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारायचं नसतं. जोडीला निदान 80 लिटर, घोळक्याला 200, काचेची उंची दीड फूट, असले आकडे सांगणारा कोणी भेटलाच, तर ‘आम्ही काय तारापोरवाला मत्स्यालय उघडायला निघालोय का?’ असं त्याला विचारावं.

संख्येत मात्र तडजोड नको. तीनच आणा. सहा-आठ लहान पिल्लं एकत्र आणली तर मोठीच पंचाईत होते: दांडगटाला दर वेळी नवं गिऱ्हाईक सापडतं, मार सगळ्यांत वाटला जातो आणि कुणा एकाच्या जिवावर बेतेल इतका कुणाच्याच वाट्याला येत नाही. तिघांत ती सोय नाही. नर कोण, मादी कोण हे एरवी ओळखता येत नाही (अंडी घालायच्या सुमाराला पोटाखाली छोटीशी नळी दिसते, नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट, त्यावरून काय तो अंदाज), त्यामुळे सगळा जुगारच. पण वर्षाच्या आत कुठल्यातरी दोघांचं जमलं, की तिसऱ्याचे दिवस भरले म्हणून समजा.

मग संध्याकाळी दिवा लावून खुर्ची ओढून बसा. जोडीने हीटरच्या अलीकडचा सगळा टँक आपल्या नावावर करून घेतलेला असेल. तिसरा वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, तोंड वर करून, पंख आवळून उभा. अंगावरचे पट्टे काळेकुट्ट. दाण्यांची चिमूट पडते. तो पंख जरासे उलगडतो, चार बोटं खाली येतो. जोडीतला एक नुसता आडवा येतो, कल्ले फुगवतो, आणि हा परत नळीमागे. चावायचीही गरज पडत नाही. दाणे फिल्टर ओढून घेतो. पाहुण्यांनी विचारलंच तर सांगावं, ‘तो जरा लाजाळू आहे.’

दोन मासे एकमेकांचे ओठ धरून गरगर फिरताना दिसले तर ताबडतोब व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाका. सिक्लिड कुळातले मासे असे ओठ पकडून एकमेकांची ताकद अजमावतात, हे कळवून आत्याचे लाल बदाम वाया घालवू नयेत.

सजावट शक्यतो मोकळी ठेवा. ॲमेझॉनच्या खोऱ्यात हा मासा संथ पाण्यात, बुडालेल्या मुळ्यांच्या आणि देठांच्या दाटीत राहतो. ते चपटं अंग आणि ते उभे पट्टे तिथे शोभतात आणि तिथेच उपयोगी पडतात. आडोसा मिळाला की पाठलाग तुटतो, कारण नजरेआड झालेल्या माशामागे जोडी फार वेळ लागत नाही. म्हणजे उभे ओंडके आणि ॲमेझॉन स्वोर्डसारखी रुंद पानांची झाडं कटाक्षाने टाळायला हवीत. निळी खडी आणि बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पेटारा एवढं पुरे. शास्त्रज्ञांनी 1823 साली नोंद केली तेव्हाही हा मासा हद्दीसाठी भांडणाराच होता. आपल्या हॉलमध्ये आला की सुधारेल, असा विश्वास मात्र सोडू नका.

सोबतीला निऑन टेट्रा आणावेत. तेही ॲमेझॉनकडचेच, म्हणजे एंजलचे गाववाले. वाढलेल्या एंजलच्या तोंडात निऑन आरामात मावतो, त्यामुळे रात्री मोजलेले सकाळी तेवढेच भरतील असं नाही. उलट बाजूने मजा हवी असेल तर टायगर बार्ब आहेतच; झुलणारे लांब पंख दिसले की कुरतडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

आता औषधोपचार. तिसऱ्याचे पंख झिरमिळ्या झाले की दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणा, वर मूठभर जाडं मीठ टाका, सगळं पाणी उपसा आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुवा. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात. ते वाहून गेले की मारामारी होती तिथेच राहते आणि वर पाण्यात विषारी अमोनियाही वाढतो. मारणाऱ्याला हलवायचं नाही, औषध मार खाणाऱ्याला पाजायचं, ही आपल्याकडची पद्धत माशांपुरती मर्यादित नाही, पण तो विषय वेगळा. काही जाणकार म्हणवणारे दांडगटालाच चार दिवस दुसऱ्या टँकमध्ये ठेवतात, तेवढ्यात ओंडके-दगडांच्या जागा बदलतात आणि दिवा मालवून त्याला परत सोडतात. जुन्या खुणाच सापडत नाहीत, सातबारा नव्याने लिहावा लागतो आणि त्या गडबडीत तिसऱ्यालाही एखादा गुंठा मिळून जातो. असल्या लोकांपासून सावध राहा.

एक दिवस जोडी फिल्टरच्या नळीचा एकच पट्टा तोंडाने घासायला लागेल. मग मादी नळीला पोट टेकून ओळीने अंडी चिकटवत वर सरकते, मागोमाग नर. टँकची साफसफाई काढायला यासारखा मुहूर्त नाही. हात आत घाला, काच पुसा. जोडी तुमच्या बोटांवर धावून येईल आणि पहिलटकर असेल तर बिथरून आपलीच अंडी खाऊन टाकेल. नाही खाल्ली तर दोन-तीन दिवसांत ती फुटतात, आठवड्याभरात पिल्लं पोहायला लागतात आणि त्यांना जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव) लागतो, ही कटकट कुणी सांगितली आहे? क्वचित दोन माद्याच जोडी जमवून अंडी घालतात. ती सगळीच्या सगळी पांढरी पडतात, पण राखण तितकीच कडक होते आणि तिसऱ्याला मारही तेवढाच बसतो.

एवढं सगळं करूनही तिसरा टिकला तर तुमचं कुठेतरी चुकतंय. गेला, तर मात्र निर्धास्त होऊ नका. हाकलायला कुणी उरलं नाही की पुष्कळदा जोडी एकमेकांवरच उलटते. तेव्हा येत्या रविवारी दुकानात जा आणि आणखी एक एंजल घेऊन या. एकच. जरा लहान बघून.