गुणांपेक्षा वही बघा

रात्रशाळा आणि साक्षरता वर्गातल्या प्रौढांचा वस्तीत जाहीर सत्कार व्हावा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. पण निवड नुसत्या गुणांवर नको. ‘उल्लास’ या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. हिशेब बहुतेकींना तोंडपाठ असतो, अडतं लेखनात. कारण वर्गात फळ्यावरचं उतरवून घेणंच जास्त, मनातलं वाक्य लिहिणं कमी. म्हणून वहीचं पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवून बघा: जोडाक्षरं, वेलांट्या, ओळीवर टिकलेली सही. शिकवणारे स्वयंसेवक मानधनाशिवाय येतात, त्यांना शालीऐवजी लोकलचा तिमाही पास द्या. आणि कार्यक्रम रविवारी दुपारी ठेवा. संध्याकाळी घरकामवाल्या मावशींना सुट्टी मिळत नाही.