पोलीस दलातील नेतृत्व घडवता येते का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘नेतृत्व अंगातच असावे लागते, नाशिकच्या अकादमीत कवायत करून साहेब होता येते, नेता नाही,’ अशी, पोलीस दलात नेतृत्व घडवता येते असे म्हणणाऱ्या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया आहे. खात्यात हयात घालवून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचे हे मत असल्यामुळे त्याची दोन ओळींत बोळवण करणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या लेखात हवालदारांचा उल्लेखही नाही, हा आपला आक्षेप मान्य आहे. वास्तविक रात्री दोन वाजता आलेल्या बाईची तक्रार लिहून घ्यायची की ‘सकाळी साहेब आल्यावर या’ म्हणून परत पाठवायचे, हे बहुतेक वेळा ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे पोलीस ठाण्यात तक्रारी नोंदवून घेणाऱ्याच्या, खुर्चीत बसलेला हवालदारच ठरवतो आणि शेजारी उभा असलेला नवा शिपाई तेच पाहून शिकतो.

नेतृत्व उपजत असते, हे मात्र पटत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताचा तक्ता मी केला होता. कोणत्या पॉइंटवर कोण, हे त्यात चोख होते. बदलीला कोण आणि किती वाजता येणार, हा रकानाच नव्हता. आमच्या प्रभारी निरीक्षकांनी कागद न बोलता परत केला आणि आदल्या रात्री मला बरोबर घेऊन सगळे पॉइंट पायी फिरवले. पाणी कुठे, मुतारी कुठे, हेही लिहून घ्यायला लावले. ती जाण माझ्या अंगात नव्हती. (अकादमीतल्या तासातही नव्हती, हे आपल्या बाजूने नोंदवतो.)

अशी शिकवण मिळायची तर शिकवणारा जागेवर टिकला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात पोलीस ठाण्याच्या प्रभारींना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा असा निर्देश दिला, त्याकडे आपण राजकीय हस्तक्षेपावरचा उपाय म्हणून पाहतो. मला तो प्रशिक्षणाचाही प्रश्न वाटतो, कारण आठ महिन्यांत हलवलेल्या निरीक्षकाची आपल्या उपनिरीक्षकांशी जेमतेम ओळख झालेली असते.

म्हणून पहिल्यांदा ठाण्याचा प्रभार देण्याआधी अधिकाऱ्याला काही महिने जाणत्या निरीक्षकाच्या हाताखाली ठेवावे आणि हवालदाराच्या बढतीला ठाणे अंमलदारकीचे प्रशिक्षण जोडावे, असे माझे म्हणणे आहे. त्या खुर्चीत नव्याने बसणाऱ्याला पहिल्या रात्री आपण काय सांगाल, ते अवश्य कळवावे.