नक्षत्रवन कसं लुटावं

मुंबईत सध्या समुद्राच्या कडेला बागांचं पीक आलंय. जुने प्रोमनाड (समुद्रकडेचे फिरायचे रस्ते) आहेतच, त्यात कोस्टल रोडलगत साडेसात किलोमीटरचा नवा आणि भराव टाकलेल्या जमिनीवर ७० हेक्टर हिरवळ आखलेली. म्हणजे पुढची दहा वर्षं रिबिनी कापायला भरपूर वाव आहे. आता एवढ्या बागा होणार तर त्यात वागायचं कसं हे कुणीतरी सांगायला हवं ना? गेल्या रविवारी मी आईला घेऊन अशाच एका थीमवाल्या बागेत गेलो होतो (नाव सांगत नाही, तुमच्या घराजवळ आहे तीच), तिथे मला जे ज्ञान मिळालं ते फुकट वाटतोय. घ्या.

बाग बनवणारे तुम्हीच असाल तर आधी थीम ठरवा, झाडांचं नंतर बघू. खाऱ्या वाऱ्यात टिकतात ती झाडं म्हणजे माड, उंडी, भेंड, करंज, वाळूत पसरणारी मर्यादवेल. ही चुकूनही लावू नका, ती आपोआप जगतात आणि जगणाऱ्या झाडाचं टेंडर दरवर्षी निघत नाही. त्यापेक्षा नक्षत्रवन करा. सत्तावीस नक्षत्रं, सत्तावीस आराध्यवृक्ष (म्हणजे ज्याचं जे जन्मनक्षत्र, त्याचं ते झाड), प्रत्येकाला चार बाय चारचा चौकोन आणि ग्रॅनाइटची पाटी. मघाचा वड चार बाय चारमध्ये, पुष्याचा पिंपळ चार बाय चारमध्ये, कृत्तिकेचा उंबर चार बाय चारमध्ये. वडाला काय कळतंय, राहील ॲडजस्ट करून, आपण नाही राहत वन आरकेमध्ये? रेवतीचा मोह तर पार मेळघाट-गडचिरोलीकडचा गडी, त्याला थेट भरतीच्या तोंडावर उभा करा. मेला तर मेला, पाटी राहतेच की.

फुलपाखरू उद्यान करायचं असेल तर फायबरचे दोन मोठे पंख भिंतीला ठोका, मध्ये उभं राहून फोटो काढता येईल असे. खऱ्या फुलपाखरांना रुई, लिंबू, कढीपत्ता असलं गावठी सामान लागतं, त्यावर अळ्या होतात, अळ्या दिसल्या की लोक तक्रार करतात, मग फवारणी. नको ती भानगड.

शौचालय नक्की बांधा. किल्ली साहेबांकडे ठेवा.

दुपारी बारा ते चार गेट बंद ठेवा, कारण नेमकी तेव्हाच लोकांना सावली लागते.

स्प्रिंकलर भर जुलैत, धो धो पावसात चालू असले पाहिजेत, त्याशिवाय देखभाल होतेय हे कळणार कसं.

आता आपल्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. पहाटे जात असाल तर पिशवी आणि आकडी विसरू नका. नक्षत्रवनाचा खरा फायदा तुम्हालाच, अख्खं देवघराचं वाणसामान एका ठिकाणी! सोमवारी चित्राचा बेल ओरबाडायचा, शनिवारी श्रवणाची रुई मारुतीला (अळ्यांसकट, त्यांनाही दर्शन घडेल), दसऱ्याला धनिष्ठाची शमी, वटपौर्णिमेला त्या चौकोनातल्या वडाला एवढा दोरा गुंडाळायचा की त्याला श्वास घेता येऊ नये. हस्ताची जाई तर रोजचीच, उजाडायच्या आत वेल साफ. कुणी काही बोललंच तर "देवासाठीच नेतोय" म्हणायचं, पुढे कुणाची टाप नाही बोलायची. फक्त अश्विनीच्या कुचल्याला अजून कुणी हात लावलेला बघितला नाही मी. तो विषारी आहे, सगळ्यात सुखात तोच.

ब्लूटूथ स्पीकर न्या, समुद्राचा आवाज फार येतो.

कबुतरांचा विषय मी काढत नाहीये, मला घरात शांतता हवी आहे.

बरं, आता मुख्य सल्ला. लग्न ठरलं असेल तर प्री-वेडिंग शूट अशाच बागेत करा. संध्याकाळी सहाच्या पुढे, रविवारी, म्हणजे गर्दी असताना. आमची आई ७४ वर्षांची, नक्षत्र रोहिणी. रोहिणीचं झाड जांभूळ. पेपरात नक्षत्रवनाचा फोटो आला तेव्हापासून तिचं एकच, मला माझं झाड बघायचंय. गुडघे दुखतात म्हणून महिनाभर ढकललं, शेवटी रविवारी टॅक्सी करून नेलं. गेटपासून आत चालत जायला, दोनदा थांबत, वीस मिनिटं लागली तिला. आणि रोहिणीच्या चौकोनाभोवती हे शूटवाले. मुलगा मे महिन्यात ब्लेझर घालून, मुलीच्या लाल गाऊनचा घेर एवढा की मृग, रोहिणी, कृत्तिका तिन्ही त्याखाली झाकलेली, दोन छत्र्या, एक रिफ्लेक्टर, एक पोरगा हातात लाल धुराची नळकांडी घेऊन. आम्ही जवळ गेलो तर "आजी, जरा साइडला, फ्रेममध्ये येताय." बरं बाबा. आई साइडला. "दोनच मिनिटं आजी." दोनाची चाळीस झाली. बसायला म्हणून ती कट्ट्याच्या कडेवर टेकली तर लांबून शिट्टी! सिक्युरिटीवाला पळत आला, इथे बसायचं नाही, प्लांटेशन आहे. मी म्हटलं आणि हे धूर सोडतायत ते? तर म्हणाला त्यांची परमिशन आहे साहेब. म्हणजे बघा, सत्तर पार केलेल्या बाईने दगडावर टेकायला परमिशन लागते, ती काढलेली नव्हती आम्ही, आमची चूक.

पण खरी मजा पुढेच. फोटोग्राफरला फोरग्राउंडला हिरवं हवं होतं. म्हणजे लेन्ससमोर पानं धरायची, ती धूसर दिसतात आणि मागे जोडपं शार्प, फार छान येतो म्हणे फोटो. तर त्या असिस्टंटने इकडेतिकडे बघितलं आणि पाटीमागच्या रोपाची फांदी कडकन मोडली. रोप जेमतेम कमरेएवढं, त्याला फांद्या तीन. त्यातली एक. पाटीवर लिहिलंय रोहिणी, जांभूळ. आईला तोपर्यंत कुठलं रोप ते दिसलंही नव्हतं, गाऊन मध्ये होता, तिने आपलं झाड पहिल्यांदा बघितलं ते त्या पोराच्या हातात, लेन्ससमोर हलताना. अकरा फोटो झाले, मी मोजले. मग फांदी टाकली त्याने खाली आणि सगळे निघाले पुढच्या लोकेशनला, पेंग्विनच्या तोंडाच्या कचरापेटीपासून तीन पावलांवर धुराची रिकामी नळकांडी टाकून.

मी भांडलो का? नाही भांडलो. "अहो काका, एक फांदी तर आहे, येईल परत" म्हणाला नवरामुलगा, अगदी गोड आवाजात, आणि माझी वाचाच बसली. घरी आल्यापासून भांडतोय.

उपरोध वगैरे राहू दे बाजूला, मला आता जमत नाहीये. मलबार हिलवरचं हँगिंग गार्डन १८८१ सालचं, खाली पाण्याची टाकी, वर झुडपं कापून केलेले प्राणी, शेजारी म्हातारीचा बूट. आमच्या तीन पिढ्या त्या बुटात चढल्या. थीमच होती की ती पण, मला थीमचा राग नाही. मरिन ड्राइव्हला तर कसलीच थीम नाही, नुसता साडेतीन किलोमीटरचा कट्टा आणि खाली टेट्रापॉड, आणि तिथे आजवर आईला कुणी ऊठ म्हणालेलं नाही. राग आहे तो तुम्हाला झाड दिसतच नाही याचा. बांधणाऱ्याला पाटी दिसते, शूटवाल्याला फोरग्राउंड दिसतं, पहाटेवाल्याला नैवेद्याचं ताट दिसतं. घायपाताच्या पानावर चावीने बदाम कोरून दोघांची नावं लिहिणाऱ्यांनो, ती पानं वर्षानुवर्षं तशीच राहतात रे, तुमचं ब्रेकअप होऊन मुंज झालेली पोरं असतात तुम्हाला तेव्हाही. आणि "महापालिका काय करते" विचारणारे पहिले तुम्हीच, भेळेचा कागद पिटुनियाच्या वाफ्यात खोचून! फुलं हवीत तर विकत घ्या, दहा रुपयाला पुडी मिळते दादर स्टेशनबाहेर. फोरग्राउंड हवं तर प्लॅस्टिकची पानं आणा घरून, धूसरच दिसणार आहेत ना शेवटी. आणि म्हातारी माणसं उभी असतील तर तुमचं गोल्डन अवर गेलं खड्ड्यात, आधी त्यांना जाऊ द्या. एवढीही लाज नाही?

आईने ती फांदी उचलून आणली. फिल्टरशेजारी ग्लासात ठेवलीय, पानं गळायला लागलीत. जांभूळ असं पाण्यात फुटत नाही हे तिलाही माहितीये, कोकणात वाढलीय ती, तरी रोज पाणी बदलते. पाऊस सुरू झाला की परत जायचं म्हणतेय. मी आधी एकटा जाऊन बघून येणारे, उरलेल्या दोन फांद्या आहेत का. असतील तर नेईन तिला, आणि तिथे कुणी कॅमेरा लावून बसलं असेल तर बसू दे, आई फ्रेममध्ये जाऊन उभी राहील आणि तिच्या शेजारी मी.