अक्रोडाचा वास आला म्हणजे साव्हान्यँच, असं नाही

लेबल झाकून चाखताना साव्हान्यँ द्राक्षाची वाइन ओळखणं सर्वांत सोपं, असा सल्ला वाइनच्या शौकिनांत हातोहात फिरतो: अक्रोड आणि करीचा वास, सोनेरी रंग, गेवुर्त्सट्रामिनर या सुगंधी द्राक्षाच्या घराण्याची गुलाब-लिचीची झाक; एकदा चाखलं की पुन्हा चूक होणे नाही. पूर्व फ्रान्सच्या झ्युरा भागातलं हे विरळ पांढरं द्राक्ष इतकं सरळ असतं तर काय हवं होतं!

अक्रोड-करीचा वास मुळात द्राक्षाचा नाहीच, तो पिंपातल्या मुक्कामाचा. 'व्हँ झोन' ही साव्हान्यँची झ्युरातली 'पिवळी वाइन' करताना पिंपातून उडून गेलेली वाइन भरून काढत नाहीत. रिकाम्या जागेत हवा शिरते आणि वाइनवर यीस्टची साय धरते. तिच्याखाली किमान ६० महिने मुरताना सोटोलॉन हे गंधद्रव्य तयार होतं, तेच जे मेथीदाण्यांना त्यांचा वास देतं. फ्रेंच त्याला करी म्हणतात, म्हणोत बापडे. मला पहिल्यांदा ग्लास नाकाशी नेला तेव्हा मेथीच्या लाडवांचा डबा उघडल्यासारखं वाटलं होतं. पण अशीच साय झ्युरात शार्दोने या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनवरही धरू देतात, आणि स्पेनच्या फिनो शेरी या वाइनमध्ये पालोमिनो द्राक्षाच्या रसावर. उलट, पिंप वेळोवेळी काठोकाठ भरून केलेल्या 'उइए' साव्हान्यँत अक्रोड जवळजवळ नसतोच. तिथे लिंबू, पांढरी फुलं आणि सणसणीत आंबटपणा.

रंगावर वेळ घालवू नये. पांढरी वाइन वयाबरोबर गडद होतेच, द्राक्ष कुठलंही असो.

गेवुर्त्सट्रामिनरशी नातं मात्र खरं. साव्हान्यँ म्हणजेच ट्रामिनर, आणि गेवुर्त्सट्रामिनर हे त्याचंच सुगंधी उत्परिवर्तन. पण गुलाब-लिचीचा दरवळ त्या उत्परिवर्तनाबरोबर आला. साव्हान्यँत तो शोधणारा हात हलवत परत येतो.

राहिलं ते 'चूक होणे नाही'. ऑस्ट्रेलियात द्राक्षबागायतदारांनी स्पेनचं आल्बारिन्यो द्राक्ष समजून वेली लावल्या, बाटल्या त्याच नावाने विकल्या, लोक आवडीने प्यायले. २००८ मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ ज्याँ-मिशेल बुर्सिको यांनी तिथल्या वेली पाहून शंका काढली, आणि २००९ मध्ये डीएनए तपासणीत ते साव्हान्यँ निघालं. तोवर ते पिणाऱ्यांत जाणकार थोडे नसतील!

माझ्यासमोर मेथीच्या वासाचा ग्लास आला तर मी आधी फक्त 'सायीखाली मुरलेली' एवढंच लिहितो. मग आंबटपणा बघतो: फिनोत तो मवाळ, साव्हान्यँत जिभेच्या कडांना झोंबणारा. झ्युरातलंच सायीखालचं शार्दोने की साव्हान्यँ, इथे मात्र मी अजूनही चुकतो.