नाक ओढू नका, छाती पिळू नका

घरात बाळ आलं की आठवड्याच्या आत कुणीतरी तो मेसेज पाठवतंच. शब्द इकडचे तिकडे, पण सार असं: "बाळ म्हणजे मातीचा गोळा. पहिले तीन महिने जोर लावून मालिश करा. नाक ओढलं की सरळ होतं, पाय ओढले की फेंगडे राहत नाहीत. टाळूवर तेल भरा म्हणजे टाळू लवकर भरते. नाकाकानांत तेल घाला. छातीतलं दूध पिळून काढा, नाहीतर गाठी होतात. बाळ रडलं तर रडू द्या, फुप्फुसं उघडतात."

छातीपासून सुरुवात करते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. भाचीची मुलगी दोन आठवड्यांची असताना न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी तिची छाती रोज पिळली. छाती लाल झाली, मग ताप, मग गळू, आणि एवढ्याशा जिवाला अँटिबायोटिकची इंजेक्शनं. पोटात असताना आईची संप्रेरकं बाळात उतरतात, त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी फुगते आणि कधी दुधासारखा थेंबही येतो. काही आठवड्यांत ती आपोआप बसते. पिळल्याने आतल्या नाजूक भागाला इजा होते आणि जंतूंना वाट मिळते. मावशींचा हेतू वाईट नव्हता, त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं. म्हणून तर हे लिहायला बसले.

नाकाचं म्हणाल तर ते कूर्चेचं असतं आणि वयात येईपर्यंत वाढत राहतं. त्याचा आकार आईबापाकडून येतो. प्रसूतीच्या वाटेत लांबट झालेलं डोकंही बहुधा थोड्याच दिवसांत आपोआप गोल होतं. श्रेय मात्र दाबणाऱ्या हातांना मिळतं.

पायांचंही तसंच. नऊ महिने पोटात पाय दुमडून बसलेल्या बाळाचे पाय वाकडे दिसणारच. साधारण दोन वर्षांपर्यंत ते सरळ होतात, तीन-चार वर्षांचं असताना गुडघे उलट आत झुकलेले दिसतात आणि सातेक वर्षांपर्यंत तेही जागेवर येतात. धोका आहे तो मालिशीनंतर पाय ओढून, सरळ करून दुपट्यात करकचून बांधण्यात, कारण त्याने खुब्याचा सांधा निसटू शकतो. पाय बेडकासारखे दुमडता येतील इतकं दुपटं सैल हवं. हाडांची खरी काळजी असेल तर डॉक्टर सांगतात ते ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज 400 युनिट, चुकवू नका.

टाळू तेलाने भरत नाही. कवटीची हाडं कडेने वाढत येतात आणि पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत बंद होते. तेलाचा हलका हात लावायला हरकत नाही. पण जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली, लंगोट बराच वेळ कोरडा राहिला, तर ती शरीरातलं पाणी कमी झाल्याची खूण आहे. अशा वेळी टाळूवर तेल थापत बसलात तर मोलाचे तास जातात. बाळाला लगेच दवाखान्यात न्या.

नाकात तेल तर कधीच नको. पाणी चुकून श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. तेलाने तो नीट लागतही नाही, ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही काही घालू नका.

मग मालिश बंदच करायची का? मुळीच नाही. मेसेज सांगतो ते फायदे खोटे असले तरी मालिशीचे खरे फायदे आहेत. 1986 साली मायामीत अपुऱ्या दिवसांच्या 40 बाळांचा अभ्यास झाला. निम्म्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं अंगावरून हात फिरवणं आणि हातपाय हलवणं मिळालं. दूध दोन्ही गटांना सारखंच होतं, तरी मालिशीच्या बाळांचं वजन 47 टक्के जास्त वेगाने वाढलं. ढाक्यात तर 33 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावलं, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग सुमारे 40 टक्क्यांनी घटले. कोवळ्या कातडीला तेलाने आधार मिळाला. पूर्ण दिवसांच्या बाळाला असेच आकडे लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण खोबरेल लावलेला ऊबदार हात त्यालाही आवडतो, आणि थकलेल्या आईला आपल्या लेकराशी निवांत अर्धा तास मिळतो. मोहरीचं तेल मात्र टाळा, ते नाजूक कातडीला झोंबतं. डाळीचं पीठ घासून लव काढण्याचीही गरज नाही, ती आपणहून गळते.

राहिलं रडणं. फुप्फुसं जन्मताच, पहिल्या काही श्वासांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांना उघडायला रडण्याची गरज नसते. मालिश चालू असताना बाळाने तोंड फिरवलं, पाठ ताठ केली, मुठी आवळल्या, तर ते 'पुरे' म्हणतंय. मग अर्धा पाय राहिला असला तरी हात थांबवा, कोरड्या पंच्यात गुंडाळा आणि छातीशी घ्या.